हात ‘बरा’ झाला, पण थाप उघडत नाही

रक्तदाब मोजायला हात पुढे करा म्हटले, की बहुतेक रुग्ण टेबलाच्या बाजूचा हात पुढे करतात. रोह्याकडच्या एका गावातून आलेल्या या गृहस्थांनी मात्र स्टुलावर वळून, अवघडत डावा हात पुढे केला. उजवा खिशात होता. वय पंचेचाळीसच्या आसपास, धंदा ग्रिल-फॅब्रिकेशनचा, तक्रार अशी की रात्री झोप येत नाही आणि डोके जड राहते. रक्तदाब वाढलेला होताच. गोळी लिहिता लिहिता विचारले, ‘‘उजव्या हाताला काय झालं?’’

‘‘तो बरा झाला, डॉक्टर. कागदावर तसं लिहिलंय.’’

कागद त्यांनी प्लास्टिकच्या पिशवीत जपून आणला होता. आठ महिन्यांपूर्वी ग्राइंडरची चकती फुटून उजव्या हाताची तर्जनी, मधले बोट आणि अनामिका तळव्याच्या बाजूने कापली गेली होती. मुंबईतल्या एका सार्वजनिक रुग्णालयात शस्त्रक्रिया झाली होती आणि ती चांगली झाली होती. शेवटची नोंद होती : जखम भरली आहे. मी हात टेबलावर उताणा ठेवायला सांगितला. तिन्ही बोटे अर्धी वाकलेली होती. सरळ करा म्हटले तर होईनात, मूठ मिटा म्हटले तर पूर्ण मिटेना.

‘‘कामाचं चालतं. वेल्डिंगला पोरगा आहे मदतीला. पण थाप उघडत नाही.’’

मला क्षणभर उलगडा झाला नाही. मग त्यांनी सांगितले. गावच्या भजनी मंडळात ते वीसेक वर्षे पखवाज वाजवत होते. अपघातानंतर दोन महिन्यांनी घरीच पखवाज पुढ्यात घेऊन पाहिला. हात शाईवर सपाट पडला नाही. आवाज ‘बद्द’ आला. पखवाजाला गवसणी घातली ती घातलीच. त्या वर्षी सप्ताहाला ते गेले नाहीत. भजन ऐकू येऊ नये म्हणून रात्री घराची खिडकी लावून घेत. झोप न येण्याचे कारण माझ्या गोळीच्या आवाक्यातले नव्हते.

मी हाताचा शल्यविशारद नाही. सरकारी रुग्णालयातला फिजिशियन आहे. मधुमेह, रक्तदाब, ताप, सर्पदंश यांत माझा दिवस जातो. तरीही या विषयावर लिहितो आहे, कारण हा हात शस्त्रक्रियेच्या टेबलावर वाया गेलेला नाही. तो वाया गेला त्यानंतरच्या तीन महिन्यांत, घर आणि रुग्णालय यांच्या मधल्या रस्त्यावर. आणि तो रस्ता आपल्या सर्वांच्या, विशेषतः आम्हा तालुक्यातल्या डॉक्टरांच्या अखत्यारीत येतो.

बोटांना हलवते कोण?

आपल्या बोटांमध्ये बोट वाकवणारा एकही स्नायू नसतो, हे सांगितले की लोकांना नवल वाटते. एका हातात २७ हाडे असतात. ती हलवणारे स्नायू काही तळव्यात आणि बरेचसे कोपराखालच्या भागात असतात. तिथून दोऱ्यांसारख्या कंडरा मनगटातून बोटांपर्यंत जातात. बोलीत आपण त्यांना शिरा किंवा नसा म्हणतो, पण रक्ताची शीर वेगळी, संवेदनेची नस वेगळी आणि ही ओढणारी दोरी वेगळी. कळसूत्री बाहुलीचे सूत्र जसे वरून हलते, तसे बोट कोपराच्या बाजूने हलवले जाते. दुसऱ्या हाताने कोपराखालचा भाग धरून बोटे हलवून पाहा, आत हालचाल लागेल.

बोट वाकवणाऱ्या अशा दोन कंडरा प्रत्येक बोटात असतात. बोटाच्या मुळाशी त्या एका अरुंद बोगद्यात शिरतात आणि तिथे एक कंडरा दुसरीच्या मधून आरपार जाते. जागा इतकी थोडी, की शिवलेल्या कंडरेभोवती जराशी खपली धरली तरी ती बोगद्याला चिकटते. अमेरिकेतील हातशस्त्रक्रियेचे प्रणेते स्टर्लिंग बनेल यांनी या भागाला ‘नो मॅन्स लँड’ म्हटले होते. युद्धात दोन खंदकांमधली, जिथे कोणी पाऊल ठेवू नये अशी ती जमीन. कित्येक दशके शल्यविशारद इथली कंडरा लगेच शिवायला कचरत. १९६७ मध्ये हॅरल्ड क्लाइनर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले, की लगेच शिवता येते, पण एका अटीवर : शिवल्यानंतर बोट ठरावीक मर्यादेत, ठरावीक पद्धतीने लवकर हलवायला हवे. न हलवले तर चिकटते, जास्त हलवले तर तुटते.

या एका वाक्यात आमच्या पखवाजवादकाची सगळी कथा आहे. शस्त्रक्रियेनंतर त्यांना हाताच्या मागच्या बाजूने पट्टी बांधून घरी पाठवले होते आणि आठवड्यातून दोनदा व्यायामाला यायला सांगितले होते. रोह्याहून मुंबई, जाऊन-येऊन पूर्ण दिवस, सोबतीला एक माणूस, दोघांचा रोज बुडतो. ते दोनदा गेले. मग गावात ज्याने त्याने सांगितले, ‘हात अजिबात हलवू नको, टाके तुटतील’. सांगणाऱ्यांत एक डॉक्टरही होते. सहा आठवडे हात गळ्यात बांधलेला राहिला. पट्टी निघाली तेव्हा बोटे त्याच आकारात गोठली होती.

माझी चूक

दुसऱ्याच्या चुकीबद्दल लिहिण्याआधी माझी सांगायला हवी. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत माझ्यासमोर गणपतीच्या कारखान्यात काम करणारा एक तरुण आला होता. उजव्या तर्जनीला पत्र्याने चीर गेली होती. मी जखम धुतली, धनुर्वाताचे इंजेक्शन दिले, चार सुबक टाके घातले. जखम छान भरली. बोटाचे शेवटचे पेर पुन्हा कधी वाकले नाही. आत कंडरा कापली आहे का, हे मी पाहिलेच नव्हते. तो मूर्तींच्या डोळ्यांची आखणी करायला शिकत होता. पेणच्या कारखान्यात आखणी करणाऱ्याचा मान काय असतो, हे इथल्या वाचकांना सांगायला नको. पुढे त्याला मी रंगाचे डबे उचलताना पाहिले. त्याने मला ओळखून नमस्कार केला, याचाच मला जास्त त्रास झाला.

कंडरा तपासायला दोन मिनिटे लागतात. बोटाचे मधले पेर धरून ठेवायचे आणि शेवटचे वाकवायला सांगायचे. मग बाकीची बोटे सरळ धरून हे एकच बोट वाकवायला सांगायचे. बोटाच्या दोन्ही कडांना कापसाने स्पर्श करून, डोळे मिटून ओळखायला सांगायचे. वाकत नसेल किंवा कळत नसेल, तर हा रुग्ण नुसते टाके घालून घरी पाठवायचा नाही. पहिल्या काही दिवसांत कंडरेची दोन्ही टोके सापडतात आणि जोडता येतात. दोन-तीन आठवडे उलटले, की आतले टोक मागे ओढले जाते, बोगदा मिटू लागतो आणि साधी शस्त्रक्रिया अवघड होऊन बसते.

वाचकांसाठीही एक-दोन गोष्टी. हात कापला तर स्वच्छ कापडाने घट्ट दाबून धरा आणि हात छातीच्या वर ठेवा. हळद, चुना, राख, माती काही भरू नका. बोटातली अंगठी लगेच काढा. सूज आल्यावर ती निघत नाही. बोट तुटून वेगळे झाले असेल तर ते ओल्या स्वच्छ कापडात गुंडाळा, प्लास्टिकच्या पिशवीत बंद करा आणि ती पिशवी बर्फ घातलेल्या पाण्यात ठेवा. बोट थेट बर्फावर ठेवले की पेशी गोठून मरतात. तुटलेला अंगठा सूक्ष्मदर्शकाखाली रक्तवाहिन्या जोडून पुन्हा बसवण्याची पहिली शस्त्रक्रिया १९६५ मध्ये जपानमध्ये कोमात्सु आणि तामाई यांनी केली. आज मुंबईतही अशा शस्त्रक्रिया होतात. पण तुटलेले बोट नीट पोहोचवण्याचे काम धाटावच्या कारखान्यातल्या किंवा शेताच्या बांधावरच्या माणसालाच करावे लागते.

एकच जखम, तीन वाद्ये

आता मूळ मुद्द्याकडे येतो. हाताची जखम घेऊन आलेल्या माणसाला आम्ही काय विचारतो? कशाने लागले, किती वाजता लागले, धनुर्वाताचे घेतले का. पुढे विचारतो, जेवता येते का, बटण लावता येते का, सही करता येते का. ही विचारपूस योग्य आहे, पण अपुरी आहे. ‘या हाताने तुम्ही काय करता?’ हा प्रश्न केसपेपरवर कुठेच नसतो.

याने उपचारात फरक पडतो. समजा, याच तीन बोटांची हीच जखम तीन वादकांना झाली. पखवाज वाजवणाऱ्याला बोटे एकत्र आणि सपाट हवीत. ती पूर्ण सरळ झाली नाहीत तर थाप उघडत नाही. मूठ थोडी कमी मिटली तरी त्याचे भागते. पेटी वाजवणाऱ्याची गोष्ट उलटी आहे. त्याची बोटे पट्ट्यांवर थोडी वाकलेलीच असतात, पण प्रत्येक बोट शेजारच्याला न ओढता स्वतंत्र हलायला हवे. बासरी वाजवणाऱ्याला ताकद फारशी लागत नाही. त्याला बोटाच्या पेराला भोकाची कड कळायला हवी. म्हणजे एकाला ताठपणा आधी घालवायचा आहे, दुसऱ्याला बोटांची स्वतंत्र हालचाल मिळवायची आहे, तिसऱ्याला स्पर्श परत आणायचा आहे. तिघांना ‘चेंडू दाबा’ एवढेच सांगून चालणार नाही.

कायद्यालाही हा प्रश्न विचारायची सवय नाही. १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याच्या तक्त्यात बोटांना कमाईची टक्केवारी लावलेली होती : अंगठा ३०, पूर्ण तर्जनी १४, मधले बोट १२, अनामिका किंवा करंगळी ७. हिशेबाला काही तरी तक्ता लागतो, हे मान्य. पण आखणी करणाऱ्याची तर्जनी १४ टक्के नसते आणि सतार वाजवणाऱ्याचीही नसते.

स्पर्शाबद्दल थोडे अधिक. कापलेली आणि जोडलेली संवेदनेची नस दिवसाला सुमारे एक मिलिमीटर या गतीने वाढते. तळव्यातून बोटाच्या टोकापर्यंत दहा सेंटिमीटर अंतर असेल, तर सुरुवातीचा थांबा सोडून शंभर दिवस. पण नस पोहोचली म्हणजे काम झाले असेही नाही. तिचे धागे जुन्या जागी हुबेहूब जुळत नाहीत. मेंदूकडे येणारा निरोप बदललेला असतो आणि मेंदूला तो नव्याने वाचायला शिकावे लागते. १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात तंतुवाद्य वाजवणाऱ्यांच्या मेंदूत डाव्या हाताच्या बोटांसाठी इतरांपेक्षा मोठे क्षेत्र आढळले होते, आणि ज्यांनी लहानपणी सुरुवात केली त्यांच्यात अधिक. वर्षानुवर्षांच्या रियाजाने मेंदूचा नकाशा बदलतो. म्हणजे दुखापतीनंतरही तो रियाजानेच पुन्हा काढता येतो. स्वीडनमधील हातशल्यविशारद गोरान लुंडबोर्ग यांनी तर बोटांवर छोटे मायक्रोफोन लावलेला हातमोजा वापरून पाहिला, की बोटाला जे जाणवत नाही ते कानाला ऐकू यावे आणि कानाने बोटाला शिकवावे. वादकाकडे हा कान तयारच असतो.

जिद्दीच्या गोष्टींत काय गाळले जाते

दुखापतीनंतर परतलेल्या कलावंतांच्या गोष्टी आपण आवडीने सांगतो. जँगो राइनहार्ट या गिटारवादकाचा डावा हात १९२८ मध्ये राहत्या गाडीला लागलेल्या आगीत भाजला, अनामिका आणि करंगळी आखडली. पुढे प्रामुख्याने दोन बोटांवर त्याने असे वाजवले की युरोपातल्या जॅझचे ते मोठे नाव झाले. बर्मिंगहॅमच्या पत्र्याच्या कारखान्यात नोकरीच्या शेवटच्या दिवशी सतरा वर्षांच्या टोनी आयोमीच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोके यंत्रात गेली. तो डावखुरा असल्याने नेमकी तारा दाबणारी बोटे. त्याने प्लास्टिक वितळवून बोटांना टोप्या केल्या, तारा हलक्या लावल्या, आणि पुढे ‘ब्लॅक सॅबथ’ या वाद्यवृंदाचा तो गिटारवादक झाला. पॉल विटगेन्श्टाइनचा उजवा हात १९१४ मध्ये महायुद्धात गेला, तर त्याच्या डाव्या हातासाठी राव्हेलसारख्या संगीतकाराने रचना लिहून दिली. आपल्याकडे हाताचे नाही, पण फुप्फुसाचे उदाहरण सर्वांना ठाऊक आहे. कुमार गंधर्वांना ऐन तारुण्यात क्षयाने गाठले, देवासला काही वर्षे अंथरुणाला खिळून काढावी लागली, आणि परतल्यावरचे गाणे वेगळे होते.

या गोष्टींतून ‘जिद्द असेल तर सारे शक्य’ असा बोध काढला जातो. त्या बोधाशी माझे भांडण आहे. जँगो दीड वर्ष रुग्णालयात आणि उपचारांत होता. विटगेन्श्टाइन युरोपातल्या अतिश्रीमंत घराण्यातला. रचना मागवून घ्यायला पैसा होता. आयोमीला त्याच्या कारखान्यातल्या वरिष्ठाने जँगोची ध्वनिमुद्रिका आणून ऐकवली, म्हणजे कोणी तरी त्याला काय वाजवतोस हे विचारले होते. कुमारजींच्या काळात स्ट्रेप्टोमायसीन हे औषध नुकतेच उपलब्ध झाले होते आणि भानुमतीताईंची शुश्रूषा होती. जिद्द प्रत्येकाकडे होतीच, पण तिच्या हाताशी वेळ, पैसा, औषध किंवा माणूस यांपैकी काही ना काही होते. आमच्या पखवाजवादकाकडे जिद्द कमी नव्हती. त्यांच्याकडे आठवड्यातून दोनदा मुंबईला जाण्याचे भाडे आणि दिवस नव्हता.

या गोष्टींतून काढण्यासारखा दुसरा एक धडा आहे. यांपैकी कोणीही पूर्वीच्याच ठिकाणी परतले नाही. दोन बोटांना साजेल अशी वादनाची रीत निघाली, कमी दमसासाला साजेल अशी गायकी निघाली. म्हणून रुग्णाला ‘सगळे पूर्वीसारखे होईल’ असे सांगू नये आणि ‘आता वाद्य विसरा’ असेही सांगू नये. दोन्ही खोटे ठरू शकते.

मांडव्याचा धडा

मुंबईइतका तज्ज्ञ तालुक्याला कसा मिळणार, असे कोणी विचारेल. प्रश्न रास्त आहे आणि त्याचे अर्धे उत्तर याच जिल्ह्यात दिले गेले आहे. डॉ. नोशीर अंतिया हे देशातले अग्रगण्य प्लास्टिक सर्जन. इंग्लंडमध्ये सर हॅरल्ड गिलिज यांच्या हाताखाली शिकलेले. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात त्यांनी कुष्ठरोगाने वाकड्या झालेल्या बोटांवर आणि चेहऱ्यांवर आयुष्याची उमेदीची वर्षे खर्च केली. हाच माणूस १९७० च्या दशकात अलिबाग तालुक्यातल्या मांडवा परिसरात आला, तेव्हा आपला जिल्हा कुलाबा या नावाने ओळखला जात होता. जेमतेम शिकलेल्या गावातल्या बायकांना त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आरोग्याचे काम शिकवले. क्षयरोगी, कुष्ठरोगी शोधणे, औषध चालू ठेवायला लावणे, ही कामे त्या बायका उत्तम करू लागल्या. शस्त्रक्रियेला तज्ज्ञ लागतो, पण रोजच्या पाठपुराव्याला शेजारचे माणूस अधिक उपयोगी पडते, हे एका शल्यविशारदानेच दाखवून दिले.

हातावरच्या उपचाराला हेच लागू आहे. कंडरा शिवायला मुंबईच हवी. पण त्यानंतरचे बारा आठवडे मुंबईत काढायची गरज नाही. पेण आणि रोह्याच्या उपजिल्हा रुग्णालयांत आठवड्यातून एक ठरलेला ‘हाताचा दिवस’ असावा. फिजिओथेरपिस्टला हातपट्ट्या करण्याचे साहित्य आणि थोडे प्रशिक्षण मिळावे. शस्त्रक्रिया करणाऱ्या रुग्णालयाने घरी सोडताना कोणत्या आठवड्यात काय हलवायचे आणि काय नाही, याचा मराठीत लिहिलेला, चित्रांचा एक कागद द्यावा. शंका आली तर व्हिडिओवर बोट दाखवून विचारता येईल. ई-संजीवनीसारखी सोय आहेच. आणि आशाताईंना एवढेच शिकवावे, की कंडरा शिवलेल्या माणसाचे बोट गोठत चालले असेल किंवा तो ठरल्या दिवशी गेला नसेल, तर रुग्णालयाला फोन करायचा. आशाताईंवर आधीच कामाचा डोंगर आहे, याची मला कल्पना आहे. म्हणून या कामाचा मोबदलाही वेगळा हवा.

‘इथे साध्या सोयी नाहीत आणि तुम्ही वादकांची बोटे घेऊन बसलात’, असेही कोणी म्हणेल. मी वादकाचे बोट उदाहरणाला घेतले, कारण ते लबाडी चालू देत नाही. बोट पंधरा अंश वाकडे राहिले तर कागदावर ‘समाधानकारक’ लिहिता येते. पखवाजावर ते लगेच ऐकू येते. ज्या व्यवस्थेत वादकाचा हात सुधारेल, तिच्यात भातकापणीत विळा लागलेल्या बाईचा, जाळे विणणाऱ्या कोळी आजोबांचा, प्रेसवर काम करणाऱ्या कंत्राटी मुलाचा हात आपोआप सुधारेल. शिवाय भजनी मंडळ ही चैन नाही. दिवसभर लोखंड कापणाऱ्या माणसाला गावात ज्या नावाने हाक मारली जाते, ते नाव तिथे मिळालेले असते.

कणकेचा गोळा

त्या गृहस्थांचे पुढे काय झाले, हे वाचक विचारतीलच. आमच्याकडच्या फिजिओथेरपिस्ट मुलीने हात पाहिला. आठ महिने उशीर झाला होता, पण सगळे दरवाजे बंद नव्हते. रात्री बांधायच्या आणि दर दोन आठवड्यांनी थोड्या अधिक सरळ करत न्यायच्या पट्ट्या तिने करून दिल्या. बोटांच्या व्यायामाला एक मऊ रबरी लगदा वापरतात, तो आमच्याकडे नव्हता. ती म्हणाली, ‘‘काका, घरी कणीक मळता का?’’

ते पहिल्यांदा हसले. पखवाजाच्या डाव्या अंगाला लावायची कणीक ते वीस वर्षे स्वतः मळत आले होते.

मग तेच औषध ठरले. रोज सकाळ-संध्याकाळ कणकेचा गोळा : दाबायचा, लांबवायचा, तळव्याने सपाट थापायचा. डोळे मिटून तांदूळ, वाल आणि मूग वेगळे ओळखायचे. गरम भांडे मात्र त्या बोटांनी धरायचे नाही, कारण चटका कळत नाही. चौथ्या आठवड्यापासून पखवाज, पण दहाच मिनिटे आणि विलंबित ठेका. सूज आली तर दुसऱ्या दिवशी सुट्टी. मी फक्त रक्तदाब मोजत होतो आणि ऐकत होतो.

वर्ष झाले. तर्जनी आणि मधले बोट जवळजवळ सरळ होते. अनामिका होत नाही. ती सोडवायला आणखी एक शस्त्रक्रिया लागेल आणि ती करायची की नाही, हे ते ठरवताहेत. त्यांनी मनगटाचा कोन बदलून थाप बसवली आहे. अभंगाचा ठेका ते धरतात. गजर चढला, लय दुप्पट झाली, की पखवाज पुतण्याकडे सरकवतात आणि टाळ घेतात. ‘‘पहिल्यासारखं नाही,’’ ते म्हणाले. आणि थोड्या वेळाने, ‘‘पण खिडकी उघडी ठेवतो आता.’’ रक्तदाबाची गोळी निम्मी झाली आहे. त्याचे श्रेय कोणत्या औषधाला द्यायचे, हे मी केसपेपरवर लिहिलेले नाही.

त्या केसपेपरवर मी आता एक ओळ मात्र हाताने वाढवतो. हाताला लागून आलेल्या प्रत्येकाला विचारतो आणि लिहून ठेवतो : या हाताने काय करता? उत्तरे ऐकण्यासारखी असतात. रांगोळी काढते. बेंजो वाजवतो. पापलेट कापते. नातीची वेणी घालतो. छापील केसपेपरवर या ओळीला जागा करायला सरकारला शाईखेरीज काही खर्च येणार नाही. आणि तुमच्यापैकी कोणाच्या हाताला लागले, तर डॉक्टरांनी विचारायची वाट पाहू नका. टाके घालून घेण्याआधी तुम्हीच सांगा.